हात मिरजेला कसा पोचला?

मागच्या अंकात अंगाला सेन्सर बांधून हालचाल पकडण्याबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले, या वेळचं सदर प्रश्नांनाच देऊन टाका. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चारपाच जणांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय ते एकत्र केलंय, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय. मी काही वर्षं पुण्यात एका स्टुडिओत हे सूट लोकांच्या अंगावर चढवायचं काम केलंय, त्यामुळे उत्तरांना थोडा घामाचा आणि वेल्क्रोचा वास येईल, सांभाळून घ्या.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरला आहे, प्रोजेक्टसाठी व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे हेडसेट लावून दिसणारं आभासी जग) हात ट्रॅक करतोय. मनगटाला एमपीयू ६०५० ही हालचाल मोजणारी चिप बांधली, अ‍ॅक्सिलरोमीटरचं रीडिंग दोनदा इंटिग्रेट केलं की पोझिशन मिळायला पाहिजे, पण हात टेबलावर नुसता ठेवला तरी स्क्रीनवर तो निघूनच जातो, थांबतच नाही. सेन्सर खराब आलेत का? तीन बदलून बघितले. – एक विद्यार्थी, सांगली

अरे तीन काय, तीस बदललेस तरी हेच होणार. सेन्सर चांगलाय, तू त्याला जे विचारतोयस ते त्याला माहीतच नाही. त्या चिपला दोनच गोष्टी कळतात, आपण किती जोरात वळतोय (हे जायरो सांगतो) आणि आपल्याला कुठून ढकललं जातंय (हे अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतो). आपण कुठे आहोत याचा तिला पत्ताच नसतो, तो आपण गणितानं काढतो आणि त्या गणितात चूक चक्रवाढ व्याजासारखी वाढते.

हिशोबच करून बघ. समज कॅलिब्रेशन करूनसुद्धा रीडिंगमध्ये ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीशी चूक उरली. एकदा इंटिग्रेट केलं, म्हणजे क्षणाक्षणाच्या रीडिंगची बेरीज करत गेलं, की ती वेगात शिरते, दुसऱ्यांदा केलं की अंतरात, आणि अंतर वेळेच्या वर्गानं वाढतं. १० सेकंदांत अर्धा मीटर, १ मिनिटात १८ मीटर. आणि ही तर चांगली केस झाली, खरा घोळ गुरुत्वाकर्षणाचा आहे. टेबलावर गप्प पडलेला सेन्सरसुद्धा वरच्या दिशेला ९.८ दाखवत असतो, तो आकडा तू वजा करतोस, पण वजा करायला 'वर' म्हणजे नक्की कुठे हे माहीत पाहिजे. त्यात १ अंशाची चूक झाली, फक्त १ अंश, तर ०.१७ एवढं खोटं त्वरण आडवं शिल्लक राहतं. १० सेकंदांत साडेआठ मीटर, आणि ६ मिनिटं तसंच चालू ठेवलंस तर ११ किलोमीटर, म्हणजे तू सांगलीत चहा पीत बसलायस आणि तुझा हात मिरज गाठून पुढे निघालाय.

मग सूटवाले काय करतात? ते अ‍ॅक्सिलरोमीटरकडून अंतर मागतच नाहीत, कोन मागतात. प्रत्येक हाडाला एक सेन्सर, त्या सेन्सरकडून फक्त हाड कुठल्या दिशेला रोखलंय तेवढं घ्यायचं, आणि हाडांची लांबी आधीच टेपनं मोजून ठेवायची. खांदा इथे, दंड ३० सेंटिमीटरचा, या कोनात, म्हणजे कोपर तिथे आलं, कोपरापुढे हाताचं हाड त्या कोनात, म्हणजे मनगट तिथे. यातही चूक असते, पण १ अंश चुकला तर ३० सेंटिमीटरच्या दंडाच्या टोकाला ५ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि महत्त्वाचं म्हणजे ती चूक घड्याळाबरोबर अशी किलोमीटरनं वाढत नाही. पुरा सूट म्हणजे अशी साखळी असते, एक्सेन्स कंपनीच्या एमव्हीएन सूटमध्ये १७ सेन्सर आहेत, रोकोको कंपनीच्या पहिल्या सूटमध्ये १९ होते.

कोन काढायला जायरो आणि अ‍ॅक्सिलरोमीटर दोघांना एकत्र बसवावं लागतं. जायरो झटपट पण हळूहळू बहकणारा, अ‍ॅक्सिलरोमीटर थरथरणारा पण 'खाली' कुठे ते कधी न विसरणारा. एकाचं क्षणाक्षणाचं ऐकायचं, दुसऱ्याला मधूनमधून विचारून दुरुस्ती करायची. हे मिसळायचं गणित म्हणजे फिल्टर. कॉम्प्लिमेंटरी फिल्टरनं सुरुवात कर, वीसेक ओळींचा कोड आहे, मग मॅजविक किंवा महोनी फिल्टर लाव, कालमन फिल्टरच्या मागे सबमिशनच्या आदल्या आठवड्यात लागू नकोस, मी लागले होते. आणि ऑयलर कोन (तीन अक्षांभोवतीचे तीन कोन) सोडून क्वाटर्निअन (तेच वळण चार आकड्यांत मांडायची पद्धत) वापर, नाहीतर हात सरळ वर गेला की मॉडेल स्वतःभोवती पिळ घेतं.

आणखी एक, दंडाला दुसरा सेन्सर लावशीलच, तर एमपीयू ६०५० ला आयटूसीवर (चिप जोडायच्या सामाईक तारांवर) दोनच अ‍ॅड्रेस असतात, हेक्समध्ये ६८ आणि ६९. तिसरा लावायचा तर टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर घे, त्यावर ८ चॅनल मिळतात. हे कुणी सांगत नाही आणि सगळे रात्री दोन वाजता शोधत बसतात.

म्हणजे पोझिशन कधीच मिळत नाही का? मग सूट घालून माणूस खोलीत चालतो तेव्हा अवतार, म्हणजे पडद्यावरचा त्याचा पुतळा, जागच्या जागी का नाही राहत? – पुणे, इचलकरंजी आणि बेळगावहून तीन पत्रं

पायाच्या जोरावर. चालताना एक पाय प्रत्येक पावलाला क्षणभर जमिनीला चिकटलेला असतो आणि त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, हे आपल्याला सेन्सरशिवाय माहीत आहे. मग त्या क्षणी गणितातला साठलेला वेग झटकून टाकायचा, पाटी कोरी. चूक वाढायला जेमतेम एका पावलाचा वेळ मिळतो. एरिक फॉक्सलिन यांनी २००५ मध्ये बुटाला सेन्सर लावून हे दाखवलं होतं, बाहेरची कुठलीही मदत न घेता माणूस बिल्डिंगमध्ये कुठे कुठे फिरला ते बऱ्यापैकी नीट काढता आलं. सूटमध्येही तीच युक्ती आहे, जमिनीला टेकलेला पाय म्हणजे खुंटा, बाकी शरीर त्याच्याभोवती. म्हणूनच दोन्ही पाय हवेत असले की, उडी मारली की, सॉफ्टवेअरची पंचाईत होते. आणि घसरत चाललात तर अवतार जागच्या जागी पाय झाडतो, कारण खुंटाच हललेला असतो.

दादा, माझ्याकडे सहा ट्रॅकरचा सेट आहे, व्हीआरचॅट या व्हीआरमधल्या गप्पांच्या जागी मित्रांबरोबर असतो. अर्ध्या तासानं माझे पाय तिरके व्हायला लागतात, गुडघा एकीकडे आणि मी एकीकडे, सगळे हसतात. रिसेट केलं की परत नीट. घरात काही दोष आहे का? – नाशिक

दादा नाही, ताई आहे, पण असू दे. दोष घरात असूही शकतो, वास्तूचा नाही, लोखंडाचा.

वरच्या उत्तरात म्हटलं तसं, सेन्सरला 'खाली' कुठे ते गुरुत्वाकर्षणामुळे कळतं, त्यामुळे पाय पुढेमागे किंवा बाजूला किती कललाय ते बिघडत नाही. पण उभ्या अक्षाभोवती तुम्ही कुठे तोंड करून उभे आहात हे गुरुत्वाकर्षण सांगू शकत नाही, तुम्ही उत्तरेला बघा नाहीतर दक्षिणेला, 'खाली' तेच. तिथे जायरो एकटा पडतो आणि हळूहळू बहकतो, प्रत्येक पायाचा वेगळा, म्हणून गुडघा एकीकडे. त्यावर इलाज म्हणून तिसरा सेन्सर असतो, मॅग्नेटोमीटर, म्हणजे चिपमधलं होकायंत्र. आता पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे नखाएवढं, आणि तुमच्या खोलीत लोखंडी कपाट, लोखंडी पलंग, स्पीकरचे मॅग्नेट, शिवाय फरशीखाली स्लॅबच्या सळया. कंबरेचा ट्रॅकर बरी दिशा सांगतो आणि घोट्याचा सळईकडे बघत बसतो.

करून बघायच्या गोष्टी सांगते. कपाटापासून आणि स्पीकरपासून दूर खेळा. अ‍ॅपमध्ये मॅग्नेटोमीटर बंद करायची सोय असेल तर बंद करून बघा, वाईट होकायंत्रापेक्षा होकायंत्र नसलेलं बरं. सुरू केल्यावर ट्रॅकर पाचदहा मिनिटं टेबलावर गप्प ठेवा, चिप गरम होताना जायरोचा शून्य सरकतो, तो सरकून झाला की मग कॅलिब्रेट करा. आणि पट्टा पोटरीवर बांधत असाल तर नडगीवर घ्या. पोटरीचं मांस हलतं, नडगीला हाड लगेच कातडीखाली आहे. आमच्या स्टुडिओत निम्म्या तक्रारी सॉफ्टवेअरच्या नसायच्या, सैल पट्ट्याच्या असायच्या.

व्हाइव्हचे ट्रॅकर बहकत नाहीत असं ऐकलं, खरं का? – नाशिकचेच

बेस स्टेशनवाल्यांचं खरं. ते बाहेरून बघितले जातात. कोपऱ्यात ठेवलेला बेस स्टेशनचा डबा न दिसणारा लेझर खोलीभर झाडूसारखा फिरवतो, ट्रॅकरवर तो किरण कधी पडला त्या वेळेवरून जागा निघते. पण तुम्ही मध्ये आलात, पांघरूण घेतलंत, टेबलाखाली वाकलात की दिसेनासे. अंगावरच्या नुसत्या इनर्शिअल सेन्सरला हा प्रश्नच नाही, शेतात जा, अंधारात जा, चादरीत गुंडाळून घ्या. कुठला त्रास परवडतो ते बघून घ्या.

माझ्या नातवाने हेडसेट डोक्याला लावून दिला, दोन मिनिटांत मला मळमळू लागले. वय ७१. माझ्यात काही बिघाड आहे का यंत्रात? – एक निवृत्त शिक्षक, वाई

सर, बिघाड कुणातच नाही, तुमच्या अंगात आणि यंत्रात भांडण झालं एवढंच. आणि मला हा प्रश्न फार आवडला, कारण अंगावरचा सगळ्यात जुना मोशन सेन्सर तुमच्या कानातच आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींना काटकोनात असतात, त्यांच्यातलं पाणी डोकं वळल्याचं सांगतं, म्हणजे तीन अक्षांचा जायरो. शेजारी बारीक चुन्याचे खडे असलेल्या दोन पिशव्या, त्या डोकं कलल्याचं आणि ढकलल्याचं सांगतात, म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर. आणि या कानातल्या जायरोलाही तोच रोग आहे. लहानपणी फुगडी घालून एकदम थांबलं की जग फिरत राहायचं ना, तेव्हा तुम्ही थांबलेले असता पण नळीतलं पाणी अजून वाहत असतं. आपण काय करायचो, एखाद्या खांबाकडे टक लावून बघायचो. डोळ्यानं कानाची दुरुस्ती. इंजिनिअर लोक त्याला सेन्सर फ्यूजन म्हणतात, आपल्या आज्यांना ते विनापदवी येत होतं.

हेडसेटमध्ये उलटं होतं. कान म्हणतो मान वळली, आणि चित्र थोड्या वेळानं वळतं. मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत राहावा असं या क्षेत्रात मानतात. मान सेकंदाला १०० अंश वळत असेल तर २० मिलिसेकंदांत ती २ अंश पुढे गेलेली असते, तेवढं चित्र मागे. म्हणून हेडसेटमधला सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा, काहींत १००० वेळा वाचतात आणि सॉफ्टवेअर मान पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून चित्र आधीच काढून ठेवतं. दुसरं कारण जास्त नेहमीचं आहे, नातवानं बहुतेक रोलरकोस्टर लावून दिला असेल. तिथे डोळे म्हणतात पडतोय आणि कान म्हणतो खुर्चीत बसलोय, यात सेन्सर कितीही भारी असला तरी काही करू शकत नाही. त्याला सांगा आजोबांना आधी असं काहीतरी दाखव ज्यात जागेवरून हलायचं नाही, नुसतं मान वळवून बघायचं. आणि मळमळ सुरू झाली की लगेच काढा, मुलांसमोर नेटानं बसू नका.

मी कथक शिकवते. माझ्या गुरूंची काही तिहाई आणि तत्कार सेन्सरवर रेकॉर्ड करून व्हीआरमध्ये विद्यार्थिनींना सगळ्या बाजूंनी दाखवायचं मनात आहे. एका ओळखीच्या मुलाने स्वस्तातला सेट बनवून दिला, पण चक्कर घेतले की अवतार भलतीकडेच तोंड करतो. – पुणे

ताई, हे मला आधी हसू आणणारं आणि मग दोन रात्री जागवणारं होतं, अगदी असंच आमच्याकडेही झालं होतं. त्या मुलाला विचारा जायरोची रेंज किती ठेवलीय. या स्वस्त चिप सुरू होताना सेकंदाला २५० अंशांवर सेट असतात, त्यापेक्षा वेगानं वळलात तरी रीडिंग २५० वरच थांबतं. सेकंदाला एक चक्कर म्हणजे ३६० अंश. म्हणजे प्रत्येक चक्करमागे ११० अंश गायब. समेवर तुम्ही प्रेक्षकांकडे आणि अवतार विंगेत. रेंज २००० वर न्यायला सांगा, एका ओळीचं काम आहे. तसंच अ‍ॅक्सिलरोमीटर २ जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीवर) असेल, तत्काराचा पाय आपटला की तो लगेच भरून जातो, १६ जी करा.

मग वेग. एक्सेन्सच्या वायरवाल्या सूटमध्ये सेकंदाला २४० वेळा नोंद होते, त्यांच्याच वायरलेस आवींदामध्ये ६० वेळा. ६० म्हणजे दोन नोंदींमध्ये १६-१७ मिलिसेकंदांची फट, विलंबित लयीला ठीक, द्रुतमध्ये पाय नेमका कधी पडला ते फटीत हरवतं. म्हणून माझा सल्ला असा की आवाज वेगळा, चांगल्या माइकवर घ्या आणि नंतर घुंगरांच्या ठोक्यावर हालचाल बसवा. घुंगरांचा आणखी एक त्रास म्हणजे वजन, पट्टा हळूहळू खाली सरकतो आणि आत लोखंडी गोळ्या असतील तर होकायंत्रही गोंधळतं, सेन्सर घुंगरांच्या बराच वर नडगीवर बांधा.

आणि एक स्पष्ट सांगते, सूटमध्ये बोटं येत नाहीत, डोळे येत नाहीत. हस्तमुद्रांना वेगळे हातमोजे लागतात, चेहऱ्याला वेगळा कॅमेरा. तत्कार आणि चक्करांसाठी खर्च करा, गतभाव सेन्सरवर धरायला जाऊ नका, गुरूंसमोर साधा चांगला व्हिडिओ लावा. गुरूंना टी पोझमध्ये, हात आडवे पसरून, कॅलिब्रेशनला उभं करावं लागेल तेव्हा आधी समजावून सांगा, आमच्याकडे एक ज्येष्ठ नर्तक चिडून निघूनच गेले होते, म्हणाले मला बुजगावणं करताय.

सोनीचा मोकोपी सहाच सेन्सरवर पूर्ण शरीर दाखवतो. मग १७ कशाला घ्यायचे? – ठाणे

मोकोपी २०२३ मध्ये जपानात आला, एकेक गोळी ८ ग्रॅमची, डोकं, कंबर, दोन मनगटं, दोन घोटे. गंमत म्हणून झकास आहे. पण कोपर आणि गुडघ्याला काहीच बांधलेलं नाही, मग ते कुठून येतात? अंदाजानं. माणसांच्या तासन् तास रेकॉर्ड केलेल्या हालचाली दाखवून मॉडेलला शिकवलेलं असतं की घोटा आणि कंबर अशा असल्या की गुडघा बहुधा असा असतो. सहा सेन्सरवरून शरीर काढायचं हे संशोधन २०१७-१८ पासून जोरात आहे आणि खरंच चांगलं चालतं. उभं राहणं, चालणं, हात हलवणं, सगळं ठीक. मी मात्र अशाच सहा सेन्सरच्या एका सेटवर मांडी घालून बसले तर अवतार अदृश्य खुर्चीवर बसला, आणि उकिडवी बसले तर काही वेळ जमिनीत गेला. त्या बिचाऱ्या मॉडेलनं पाटावर बसलेली माणसं फारशी बघितली नसावीत. तेव्हा मित्रांना हात दाखवायला सहा, मोजमाप करून पेपर लिहायला १७.

माझ्या हालचालीचा डेटा कंपनीकडे गेला तर त्यात काय बिघडलं, चेहरा तर दिसत नाही? – छत्रपती संभाजीनगर

चाल दिसते ना. आपण जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखतो की नाही? २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी बीट सेबर हा व्हीआरमधला खेळ खेळणाऱ्या ५५ हजारांहून जास्त लोकांचा नुसता डोक्याचा आणि दोन हातांचा डेटा घेतला, माणशी ५ मिनिटांवर मॉडेल शिकवलं, आणि नंतर १०० सेकंदांच्या हालचालीवरून त्यातला नेमका माणूस ९४ टक्क्यांहून जास्त वेळा ओळखला. १० सेकंदांवरून ७३ टक्के. आणि इथे पायाला काही बांधलेलंच नव्हतं.

हे सगळं गेल्या पाचदहा वर्षांतलंच आहे ना? – लातूर

नाही हो. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्येच डोक्यावर घालायचा डिस्प्ले केला, मान कुठे वळली ते कळायला छतापासून यांत्रिक दांडा डोक्याला जोडलेला. ऐंशीच्या दशकात व्हीपीएल कंपनीचा डेटाग्लोव्ह आला, बोट वाकलं की त्यातल्या ऑप्टिकल फायबरमधला उजेड कमी व्हायचा. नवीन काय आहे तर चिप दीडदोनशे रुपयांना मिळते, ती मोबाइलमुळे.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. मंगळागौरीला दोघी मिळून खेळायचो. भाचा म्हणतो दोघींना सूट आणि हेडसेट घेऊन देतो, मावशी, व्हीआरमध्ये फुगडी घाला. जमेल का हो? – सातारा

काकू, भाचा गोड आहे पण त्याला फुगडी घालून बघायला सांगा. फुगडीत आपण मागे कलतो आणि पडत नाही ते कशामुळे, समोरचीनं हात ओढून धरलेले असतात म्हणून. सेन्सर तुमचे हात कुठे आहेत ते तिकडे पोचवेल, बहिणीचा ओढा इकडे आणू शकणार नाही. तुम्ही सवयीनं मागे कललात की थेट फरशीवर, आणि डोळ्यावर हेडसेट, म्हणजे धरायला काही दिसणारही नाही. हा खेळ अजिबात करू नका.

झिम्म्याचंही अवघड आहे. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, काचेच्या तारेतून उजेडालाही जाऊन यायला १२५ मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत नसते. तुम्ही टाळी दिली, ती तिला दिसली, तिनं दिली, ती तुम्हाला दिसेपर्यंत ठेका निसटलेला. बस फुगडीचं काय होईल ते ठाण्याच्या उत्तरात वाचलंत.

पण सुपाचे खेळ बघा. त्यात हातात हात नसतो, आपापल्या जागी सूप फिरवायचं, वाकायचं, झुलायचं, पाव सेकंद मागेपुढे झालं तरी बिघडत नाही, गाणं एकीनंच म्हणायचं आणि दुसरीनं मागून धरायचं. भाच्याला सांगा एक जास्तीचा सेन्सर सुपाच्या मागच्या काठाला बांधून दे. बांबूचं असतं, होकायंत्राला काही होत नाही. फक्त घट्ट बांध म्हणावं, आणि पंखा बंद ठेवा, सूप वर जातं.